बेचाळीस नंबरची हिरवी पट्टी

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत माझ्या मोठ्या भावाचा फोटो सलग आठ वर्षं छापून आला. तोच फोटो, तोच निळा शर्ट, तीच मान जराशी डावीकडे. आठ वर्षांत नोटा बदलल्या, फोन बदलले, आमच्या शेजारच्याची दोन लग्नं झाली. दादाचा फक्त पान क्रमांक बदलायचा. फोटोतल्या दादाच्या डोक्यावर इतके केस होते की चिमण्यांची दोन बिऱ्हाडं त्यात भाडं न देता राहिली असती. खरा दादा मात्र टोपी घालून फिरायचा आणि विचारलं की ऊन आहे म्हणायचा. श्रावणातसुद्धा.

दादाचं वय छत्तीस. संत्र्याची बाग, थोडी तूर, विहिरीला पाणी, तोंडात शिवी नाही आणि पोटात दारू नाही. एवढं असून त्याचं लग्न ठरत नव्हतं, कारण तो शेतकरी होता. आमच्या भागात मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, मुलगा कुठं असतो. 'वावरात' हे उत्तर कानावर पडलं की त्याला अचानक एसटीची वेळ आठवते. आमच्या घरी अर्धा कप चहा टाकून उठलेले बाप मी इतके पाहिले आहेत की त्या उरलेल्या चहात एक म्हैस पोहली असती.

मी त्याची धाकटी बहीण. मी मोबाइलची ॲप बनवते. कंपनी नागपूरची, पण मी काम करते कारंज्याला, घरून. घरात नेटवर्क एकाच ठिकाणी येतं, गव्हाच्या कोठीच्या डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे माझी मीटिंग चालू असली की आईला गहू काढता येत नाही आणि घर उपाशी राहतं. हे मी थोडं वाढवून सांगते आहे. पण थोडंच.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, समाजाच्या मंडळाचे सचिव. त्यांनी जुळवलेल्या लग्नांचा आकडा दरवर्षी त्यांच्याच तोंडून वाढतो. त्यांचं खरं मानलं तर वर्धा जिल्ह्यात स्वतःहून लग्न केलेलं एकही जोडपं सापडणार नाही. ते एका सकाळी आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "औंदा पुस्तक नाई काढायचं. ॲप काढायचं. तू घरी बसून करतेच काय?"

"मोठे बाबा, मी नोकरी करते."

"थेच म्हणून राह्यलो. बसूनच करते ना?"

असं ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी आढेवेढे घेतले नाहीत, त्यात माझाही कावा होता. यादीत माझंही नाव असणार होतं. ॲप दुसऱ्या कुणी बनवलं असतं तर मी सापडले असते. मी बनवलं म्हणून माझं कार्ड असं लिहिलं की माणसानं यादी कितीही सरकवली तरी ते एक बोट खालीच राहायचं. आर्वीच्या एका गृहस्थांनी म्हणे मला शोधता शोधता अंगठा सुजवून घेतला.

संध्याकाळी अंगणात बैठक बसली. मोठे बाबा खुर्चीवर, आई पायरीवर तूर निवडत, दादा उभा. तो त्या दिवसांत बसतच नसे. मी त्यांना समजावून सांगितलं की ॲपच्या पडद्यावर जे दिसतं ते तुकड्या-तुकड्यांचं असतं आणि त्या तुकड्यांच्या दोन जाती. एकाला मी ठोकळा म्हणते, दुसऱ्याला चळवळ्या. ठोकळा एकदा काढला की काढला. वरचं मंडळाचं नाव, गणपतीचं चित्र, खालची रेघ. त्याला काही लक्षात ठेवायचं नसतं. चळवळ्याला मात्र पोट असतं. त्या पोटात तो काहीतरी धरून ठेवतो आणि ते बदललं की आपलं रूप बदलतो. बटण दाबलं आणि हिरवं झालं, तो चळवळ्या. सगळेच चळवळे केले तर फोन तापून खिशाला भोक पडेल, आणि सगळेच ठोकळे केले तर ते आपलं जुनं पुस्तकच झालं.

"मंग उंची ठोकळा," मोठे बाबा म्हणाले. त्यांना लगेच कळलं. लग्न जुळवणाऱ्याला काय बदलतं आणि काय बदलत नाही हे आमच्यापेक्षा जास्त कळतं.

"आणि वजन?" आईनं विचारलं.

"वजन चळवळ्या."

"रंग?" मी विचारलं.

"रंग पक्का लिही," आई म्हणाली. "गव्हाळ."

"उन्हायात बदलते ना तो," मोठे बाबा म्हणाले. "मे महिन्यात याले पाह्यलं तं नांगराचा फाळ बरा."

सगळ्यात मोठं भांडण झालं ते 'अपेक्षा' या रकान्यावरून. दादाच्या अपेक्षा पहिल्या वर्षी साडेतीन ओळींच्या होत्या. सुंदर, सुशील, पदवीधर, संगीताची आवड असल्यास प्राधान्य. संगीत कुठून आलं होतं कोण जाणे, आमच्या घरात फवारणीचा पंप सोडला तर कशातूनच सूर निघत नाही. दुसऱ्या वर्षी संगीत गेलं. चौथ्या वर्षी पदवी गेली. सहाव्या वर्षी नुसतं 'अनुरूप' उरलं आणि आठव्या वर्षी छापलं होतं, अपेक्षा : नाही.

"हा रकाना तर नक्कीच चळवळ्या," मी म्हटलं.

"माझा ठोकळाच ठेव," दादा म्हणाला. "त्याच्या खाली आता सरकायले जागा नाई."

आईनं तुरीतला एक खडा उचलून लांब फेकला.

आणि मग मेळाव्याच्या दहा दिवस आधी तळेगावहून फोन आला. तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या एका घरातली मुलगी, वय तेहतीस, स्वतःची पिठाची गिरणी चालवणारी. तिला पुण्याची चार-पाच स्थळं सांगून आली होती आणि तिनं प्रत्येकाला एकच विचारलं होतं, पुण्यात माझी गिरणी मी कुठं ठेवू. तिच्या वडलांनी मोठ्या बाबांना सांगितलं, पोरगी म्हणते शेतकरी चालेल, पण आधी मी स्वतः बोलेन. घरी पोहे-बिहे नकोत. मेळाव्याला येतो, तिथंच भेटू.

आठ वर्षांत 'शेतकरी चालेल' हे दोन शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आले होते. त्यानंतर कुणाचाच जीव थाऱ्यावर राहिला नाही. दादानं मोटारसायकल इतकी धुतली की नंबरप्लेटवरचा एक आकडा निघून गेला. तो वावरात जायचा, अर्ध्या रस्त्यातून परत यायचा, काय विसरलं ते आठवायचं नाही, पुन्हा जायचा. आई दिवसातून तीन वेळा देवासमोर बसायची आणि तिन्ही वेळा मधूनच उठायची. मी टेबलाशी बसून पाय हलवत काम करायचे. त्या दहा दिवसांत माझं टेबल भिंतीपासून हलत हलत दारापर्यंत पोचलं. मोठे बाबा रोज फोन करून विचारायचे, झालं का, आणि मी झालं म्हणायचे, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की झालेलं नाही.

मेळावा रविवारी, हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात. त्या दिवशी कारंज्यात कुत्रंसुद्धा घरी उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते आधीच संसारात पडलेलं होतं. स्टेजवर भिंतीएवढा पडदा, त्याला माझा लॅपटॉप जोडलेला. पडद्यावर वरांची कार्डं रांगेनं. प्रत्येकाला नंबर. दादाचा बेचाळीस. दोन्हीकडून होकार आला की मोठे बाबा माझ्याकडे बघून मान हलवणार, मी बटण दाबणार, कार्डावर 'जुळलं' अशी हिरवी पट्टी चढणार आणि वरून फुलं पडणार. फुलं मी तीन रात्री खपून केली होती. झेंडू इतका खरा दिसत होता की पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर पसरला.

पहिली दोन लग्नं जुळली आणि मुलींचे बाप कुरकुर करू लागले. जुळलेली कार्डं रांगेतच होती. माणूस चांगलं स्थळ बघून वहीत नंबर टिपायचा आणि मग त्याला हिरवी पट्टी दिसायची.

"जुळलेलं काऊन दाखवून राह्यले?" एकानं मोठ्या बाबांना विचारलं. "जीव जळते ना बाप्पा आमचा."

मोठे बाबा माझ्याकडे आले. "जुळलेल्याले रांगेतून काढ. मांगं पाठव सगळ्यायच्या."

"आत्ता?"

"नाई, पुढच्या मेळाव्याले. आत्ताच ना."

मी एका हातात तर्री-पोह्याची बशी धरून, उभ्यानं, दहा मिनिटांत ते केलं. तपासलं नाही. तपासायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी दर मिनिटाला मान वर करून सातव्या रांगेकडे बघत होते. तिथं तळेगावचे आले होते. वडील पांढऱ्या सदऱ्यात. शेजारी ती, हिरवट साडी, मांडीवर पिशवी, आणि ती पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती नि सोडत होती. म्हणजे तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. मला ती तिथंच आवडली. दादा पोह्यांच्या रांगेत टोपी घालून उभा होता आणि आपल्यामागच्या प्रत्येकाला पुढं सोडत होता. बशी घेतली की पुढं जाऊन बोलावं लागलं असतं.

तेवढ्यात एक्केचाळीस नंबरचं जुळलं. पुण्याचा इंजिनिअर. त्याला आल्यापासून जुळायला पंचवीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा त्याला गाडी लावायला जागा मिळत नव्हती म्हणून. मोठ्या बाबांनी मान हलवली, मी बटण दाबलं, पट्टी चढली, फुलं पडली. आणि लॅपटॉपची वायर निघाली म्हणून मी टेबलाखाली वाकले.

वर आले तर सगळं कार्यालय टाळ्या वाजवत होतं.

पडद्यावर एक्केचाळीस नंबर शहाण्यासारखा रांगेच्या शेवटी गेला होता. रांग एक घर पुढं सरकली होती. हिरवी पट्टी मात्र होती तिथंच राहिली होती, आणि त्या जागेवर आता दादा होता. निळा शर्ट, मान डावीकडे, छातीवर 'जुळलं', आणि वरून झेंडू.

मोठे बाबा माईकवर होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "समाजबांधवहो, आमच्या घरचा बेचाळीस नंबर," एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मुलगी कोण, कुठली, हे त्यांनी विचारलं नाही. आईनं पण विचारलं नाही. ती चौथ्या रांगेत रडत होती आणि शेजारणींना गूळ वाटत होती. मेळाव्याला येताना तिनं पिशवीत गूळ का आणला होता हे मी तिला अजून विचारलेलं नाही. आठ वर्षं दादासाठी 'नाही' ऐकलेल्या माणसांनी एका पडद्यावरच्या 'हो'वर असा विश्वास टाकला, जणू पडदा आमच्या रक्ताचा होता.

लोकांनी फोन वर करून पडद्याचे फोटो काढले. समाजाच्या व्हाट्सॲप ग्रुपवर ते फोटो माझं डोकं ठिकाणावर यायच्या आधी पोचले. मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. दादाला नाकारून गेलेले बाप एकेक करून पोह्यांच्या रांगेत येऊ लागले.

"कोठचे पाव्हणे?" एकानं विचारलं. हा तोच, ज्यानं आमच्या घरी चहा टाकला होता.

"कोणते पाव्हणे?" दादा म्हणाला.

"लपवते कायले बे? बाग किती एकर हाय तुमची? मले तवा कोणी नीट सांगतलंच नाई."

दुसरा म्हणाला, "साखरपुडा नाई ना झाला अजून? माह्या साळ्याची पोरगी हाय." तिसऱ्यानं नुसताच दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. कुणीतरी घेतलं म्हटल्यावर माल चांगला असणार, हा आमच्या बाजाराचा नियम. हिरव्या पट्टीत दादा पाच मिनिटांत जितका मागितला गेला तितका आठ वर्षांत मागितला गेला नव्हता. एका क्षणी तर मलाच वाटलं, राहू द्यावी ती पट्टी दोन तास. कावेबाज डोकं माझं, ते कुठंही चालतं.

मग मी सातव्या रांगेकडे पाहिलं. दोन खुर्च्या रिकाम्या.

दादानंही तेव्हाच पाहिलं असावं. तो रांग सोडून स्टेजकडे आला, टाळ्या वाजवणाऱ्यांमधून वाट काढत. "काय करून ठेवलं तू?"

"माझी चूक आहे. एका ओळीची आहे."

"मंग काढ."

मोठे बाबा माईकवर हात ठेवून खाली वाकले. "अबे थांब. चारशे मानसं पाहून राह्यले. हिरवं झालेलं काढलं तं लोक काय म्हणतीन? मोडलं म्हणतीन. न जुळलेलं एकवेळ चालते, मोडलेलं कोणी घेत नाई." त्यात काही खोटं नव्हतं. माझं बोट बटणावर होतं.

"काढ म्हणतो ना," दादा म्हणाला.

मी ती ओळ लिहिली आणि दाबलं. दादाच्या छातीवरची पट्टी गेली. साऱ्या कार्यालयातून एक 'अरेरे' उठला, असा लांब, की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं टायर फुटला समजून गाडी बाजूला घेतली असेल. आईच्या हातात गूळ तसाच राहिला. साळ्याच्या पोरीवाला कुठंतरी नाहीसा झाला. पडदा बरोबर झाला होता. पण लोकांच्या फोनमधले फोटो मी कशानं बदलणार होते? ते आता ठोकळे होते. त्या फोटोंत दादा जन्मभर हिरवाच राहणार होता, आणि त्यातला एक तळेगावच्या वाटेवर होता.

मोठे बाबा म्हणाले, फोन लावतो. तिच्या वडलांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा कट केला. मी लॅपटॉप बगलेत मारला, दादानं मोटारसायकल काढली. बसस्टँडपर्यंत दादा एकही शब्द बोलला नाही, फक्त एका म्हशीपाशी थांबावं लागलं तेव्हा म्हशीला म्हणाला, "सरक माय."

ते बाकावर बसले होते. गाडी यायची होती. आम्हाला पाहून वडील उठून पाठमोरे उभे राहिले. ती बसूनच राहिली.

"अभिनंदन," ती दादाला म्हणाली.

"माझं कोणाशी काही जुळलं नाई," दादा म्हणाला. तो धापा टाकत होता, जणू मोटारसायकल चालवत नाही, ढकलत आला होता.

तिनं पिशवीतून फोन काढला आणि फोटो त्याच्यासमोर धरला. "मंग हे काय?"

"हे हिनं केलं," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला. सख्खा भाऊ.

"तुम्ही कोण?" तिनं मला विचारलं.

"बहीण. ॲप मी बनवलं."

"सांगा."

तिच्या त्या 'सांगा'नं मला कंपनीच्या साहेबापेक्षा जास्त घाम फोडला. पोटाची गोष्ट, चळवळ्याची गोष्ट तिथं चालली नसती. मी म्हटलं, "समजा पंगत बसली आहे. वाढप्यानं एक्केचाळिसाव्या पानावर लाडू वाढला. तो माणूस उठून गेला. सगळी रांग एकेक पान पुढं सरकली. लाडू पानावरच राहिला आणि त्या पानासमोर येऊन बसला माझा भाऊ. बघणाऱ्याला वाटलं, लाडू याचाच. मी पट्टी कार्डाच्या जागेला चिकटवली होती, माणसाच्या नावाला नाही. आता नावाला चिकटवली आहे."

ती लगेच म्हणाली, "वाढतानी मानसाचं तोंड पाहून वाढा ना. पान पाहून काऊन वाढता?"

"हो," मी म्हटलं. मला सहा वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं कुणी झापलेलं नव्हतं.

"माह्या गिरणीत चाळीस डबे रांगेनं असतात," ती म्हणाली. "डब्यावर नाव असते. रांगेतला कितवा त्याच्यावर मी दळण देत नाई. देलं असतं तं गावानं गिरणी जाळली असती."

वडील अजून पाठमोरेच. "गाडी आली वाटते," ते म्हणाले. गाडी आली नव्हती.

तिनं फोन पिशवीत ठेवला आणि दादाकडे वळली. "आठ वर्षांत कोणीच पाह्यलं नाई तुमाले?"

मी मनात म्हटलं, खोटं बोल. एकदा तरी बोल. म्हण की दोन-तीन स्थळं मीच नाकारली. घरात खोटं बोलण्याची कला माझ्या एकटीकडेच आली याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

"पाह्यलं," दादा म्हणाला. "एकोणीस जणींनं पाह्यलं. कोणाले पुणं पाह्यजे होतं, कोणाले महिन्याचा पगार. दोघीजणी तं बागेपर्यंत पण आल्या नाई."

"आत्ता मोठमोठे लोक तुमच्या मांगं फिरून राह्यले होते म्हणे. ग्रुपवर लिहून राह्यले. पट्टी काढली काऊन मंग?"

"तुम्ही उठून गेल्या म्हणून."

एवढंच. त्यानं त्याला शेपूट जोडलं नाही, टोपी मात्र काढली आणि हातात धरली. भर उन्हात त्याचं डोकं चमकलं. पुस्तिकेतल्या फोटोशी त्या डोक्याचं काहीही नातं नव्हतं आणि ती ते नीट, वेळ घेऊन, बघत होती.

मग खरंच गाडी लागली. वडील पायरीवर चढले आणि वळून माझ्याकडे बघून म्हणाले, "कळवतो." आमच्याकडे 'कळवतो' म्हणजे काय ते लहान पोरालाही ठाऊक असतं.

"तुम्ही जा बाबा," ती बाकावरूनच म्हणाली. "मी पुढच्या गाडीनं येतो."

"एकटी?"

"गिरणीत एकटीच बसतो ना रोज. यांयच्याशी बोलाचं होतं म्हणूनच आलतो आपण. बोलणं अजून कोठी झालं?"

कंडक्टरनं विचारलं, चढता का उतरता. वडील उतरले. गाडी गेली. ती उठली आणि स्टँडच्या चहावाल्याकडे चालू लागली, आणि दादा तिच्या मागून, टोपी हातात, जणू शाळेतून कुणी त्याला घरी नेत होतं. मी दोन पावलं टाकली तर तिनं मागं न बघता म्हटलं, "तुम्ही बसा."

मी बसले. वडीलही येऊन माझ्या शेजारी बसले, मध्ये लॅपटॉप. समोर, चाळीस पावलांवर, ते दोघं बाकड्यावर. ऐकू काहीच येत नव्हतं. मधून ट्रक जायचे आणि तेवढा वेळ दिसायचंही बंद व्हायचं. माझं सगळं आयुष्य लोकांना पडद्यावर दाखवण्यात गेलं आहे, काय चालू आहे, किती झालं, किती उरलं. गोल फिरणारं एक चक्र तरी मी दाखवतेच, म्हणजे माणसाचा जीव टांगणीला लागत नाही. तिथं मला चक्रसुद्धा नव्हतं. मी नखं खाल्ली. ती संपली तेव्हा लॅपटॉपच्या कडेचं रबर सोलायला घेतलं.

"काय बोलून राह्यले असतीन?" वडलांनी विचारलं.

"काय माहीत, काकाजी."

"तो हात हालवून काय दाखवून राह्यला?"

"विहिरीची खोली असेल."

"खोली हाय का बरी?"

"समुद्र लागतो खाली," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा थोडेसे हसले. "तुमच्या घरी सगळेच असे का?"

"नाही. तो नाही."

ते पायानं जमीन उकरत राहिले. थोड्या वेळानं उठले, चार पावलं त्या दोघांच्या दिशेनं गेले, परत आले, बसले. "मले तं गाडी पकडायची होती," ते स्वतःशीच म्हणाले.

मोठ्या बाबांचा फोन आला. मागं माईकची घरघर. "काय झालं? लोकं विचारून राह्यले. बेचाळीस नंबरचं काय सांगू?"

"काही सांगू नका."

"म्हणजे जुळलं का नाई जुळलं?"

"मोठे बाबा, मला इथून ऐकू येत नाही."

"मंग जवळ जा ना पोरी."

"जाऊ देत नाहीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. वडलांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा करून बाकावर ठेवला आणि वर आपला रुमाल टाकला.

पुढची तळेगावची गाडी आली. वडील अर्धवट उठले. ती त्या बाकड्यावरून गाडीकडे बघत होती, दादाही बघत होता, आणि बोलणं थांबलं होतं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी हलली, स्टँडच्या फाटकातून वळली, धूळ खाली बसली. ती दोघं तिथंच होती. तिनं चहावाल्याला हाक मारून बोटं वर केली, आणि मी नि तिचे वडील एकदमच मोजू लागलो.

चार बोटं होती.

"आपल्याले बी सांगतला वाटते," वडील म्हणाले, आणि उठून सदरा झटकला.